रंगाचं फडकं

ही गोष्ट खरी आहे.

इथं लिहिणारा प्रत्येकजण असंच म्हणतो, मला माहीत आहे. मीसुद्धा या पेजवरच्या अर्ध्या कथा वाचून हसते. पण ही माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या, दीपाताईच्या नवऱ्यासोबत घडली. धम्मरत्न भाऊजी. त्यांनी ती माझ्या यवतमाळच्या घरी, स्वयंपाकघरात बसून सांगितली. समोर चहा होता. त्यांनी कपाला हात लावला नाही.

आम्ही विहारात वाढलेली माणसं. भूत या शब्दाला आमच्या घरात थारा नाही. भाऊजी तर कुणाच्या अंगात आलं की त्याला सरळ दवाखान्यात घेऊन जाणारे. म्हणून सांगते.

ठिकाण दिग्रस. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. दुपारचे चार वाजलेले. बाहेर लख्ख ऊन. अमावस्या नाही, वटवाघूळ नाही, काही नाही.

होतं फक्त एक फडकं...

भाऊजी तिथल्या एका नाट्यगृहाचे व्यवस्थापक आहेत. नाव देत नाही, कारण तिथं अजून कार्यक्रम होतात. तीनशे बारा खुर्च्या, एक रंगमंच, मागे मेकअपची एक खोली आणि दारापाशी तिकीट खिडकी. ते आले तेव्हा हॉलमध्ये बकऱ्या बसायच्या. कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या, इतक्या जुन्या की भिंतीवर त्यांचा पापुद्रा झाला होता. भाऊजींनी तो पत्र्यानं खरवडून काढला. खरवडताना तीनदा ओकले, पण काढला.

कारण या माणसाला घाणीची भारी शिसारी. लग्नात पंगतीला बसले की आधी ताट आपल्या रुमालानं पुसणार. बाहेरचा नळ कोपरानं उघडणार. आम्ही बहिणी त्यांना मागे 'फिनाईल भाऊजी' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

माणूस मात्र सोन्यासारखा. रविवारची दुपार त्यांनी गावच्या कलावंतांसाठी राखून ठेवली होती. भजनी मंडळ, भीमगीतं, तांड्यावरच्या बायांची लेंगी गाणी, खेड्यापाड्यातली दंडार, म्हणजे सोंगं घेऊन ढोलकीवर नाचायचा खेळ. हॉलचं भाडं घ्यायचे नाहीत. तिकीट किरकोळ, पण तिकीट पाहिजेच. "फुकट पाह्यलं का मानूस मधातच उठून जाते," असं म्हणायचे. त्यासाठी मोबाईलवर खुर्च्यांचा नकाशा करून घेतला होता. विकलेली खुर्ची लाल, रिकामी हिरवी. आर्णी-दारव्ह्याच्या गॅदरिंगची आणि जादूच्या प्रयोगांची तिकिटंसुद्धा लोक त्यांच्याकडूनच काढायचे.

आता अडचण अशी होती की गावातल्या एका कंत्राटदाराला तो हॉल लग्नाचं कार्यालय म्हणून पाहिजे होता. निर्णय नगरपरिषदेच्या समितीच्या हातात. समिती तीन रविवार बघणार, मग ठरवणार. हॉल गेला असता तर या सगळ्या मंडळींना खेळ करायला छप्पर उरलं नसतं. भाऊजींची झोप उडाली होती ती यामुळं.

पहिला रविवार उकंडाजींच्या दंडारीचा होता.

उकंडाजी आर्णीकडच्या एका खेड्यातले. वय सत्तरीच्या पुढं. पन्नास वर्षं दंडारीत राणीचं सोंग घ्यायचे. नऊवारी, हातभर बांगड्या, तोंडाला पांढरा रंग, ओठ लालभडक. एरवी गोठ्यात शेण काढणारा म्हातारा, पण ढोलकी वाजली की अशी मान वळवायचा की पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरून बसायच्या.

या मंडळीची एक रीत होती.

खेळ संपला की सगळ्यांनी एकाच फडक्याला तोंड पुसायचं. त्याच जागी, घरी नेऊन नाही. सगळ्यात शेवटी सगळ्यात म्हातारा पुसणार. आणि ते फडकं कधीच धुवायचं नाही. फाटलं तर ठिगळ लावायचं, पण पाणी लावायचं नाही. उकंडाजींच्या आधीच्या मास्तरपासून ते चालत आलेलं होतं.

आदल्या वर्षी भाऊजींनी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दिवशी जेवले नव्हते.

मला सांगतानासुद्धा त्यांचं तोंड वाकडं झालं. हातभर लांब फडकं. मूळ रंग कोणता ते कळायला मार्ग नाही. कडेला हिरव्या लुगड्याचं ठिगळ. त्यावर पांढऱ्याचा थर, लालचा थर, काजळाचा थर, पुन्हा पांढऱ्याचा. कडा पापडासारख्या कडक, आणि मधला भाग कायम ओशट, ओला. त्यात घाम, खवट तेल, विडीची थुंकी. कुणाच्या तरी भुवईचे केस चिकटलेले. आणि वास... बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशीला येतो, तसा.

त्या रविवारी खेळ रंगात आला होता. तेवढ्यात समितीचे सभापती न सांगता आले. "मेकअपची खोली पाहू," म्हणाले. भाऊजींनी दार उघडलं.

फडकं आरशाशेजारच्या खुंटीवर लटकत होतं.

सभापतींनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे? इथं कोन मेलं का?" एवढं बोलून ते निघून गेले. खेळाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

भाऊजींच्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षं हॉल घासला, आणि नाव खराब केलं कुणी, तर एका चिंधीनं! त्यांनी झाडूच्या दांड्यानं ते फडकं उचललं आणि काळ्या पिशवीत टाकलं. पिशवीला गाठ मारताना आतून हवा बाहेर आली, ती थेट त्यांच्या तोंडावर.  रविवारची घंटागाडी दुपारी येते. ती फाटकातच उभी होती. पिशवी गेली.

मग त्यांनी खुंटीवर चार नवे कोरे पांढरे नॅपकिन टांगले, आणखी काही बंद पाकिटात ठेवले, आणि टेबलावर ओल्या टिश्यूचा डबा. त्यांना खरंच वाटलं की आपण चांगलं काम केलं.

खेळ संपला. मंडळी आत आली आणि खुंटीकडं बघत दारातच उभी राहिली.

"साहेब, फडकं कोठी गेलं?" उकंडाजींनी विचारलं.

"मले काय माहीत?" भाऊजी म्हणाले.

खोटं. सरळ तोंडावर खोटं.

ढोलकीवाले डोमाजी चिडले. "असं कसं जी? खेळाच्या आंधी तं होतं! मी सोता टांगलं!"

त्यांनी बाकाखाली पाहिलं, पेट्या उपसल्या. पोरं टिश्यूनं तोंड पुसून मोकळी झाली. उकंडाजी मात्र राणीच्या वेषात तसेच बसून राहिले. पांढऱ्या तोंडातून दोन म्हातारे डोळे भाऊजींकडं बघत होते. रागावलेले नव्हते. नुसते बघत होते.

पाच वाजता डान्स क्लासची तालीम होती. भाऊजींनी घाई केली. "चला जी, खोली रिकामी करा."

"जाऊ द्या डोमाजी," उकंडाजी म्हणाले. आणि तशाच रंगल्या तोंडानं जाऊन आर्णीच्या जीपमध्ये बसले. समोरच्या स्टँडवरची माणसं हसत होती. भाऊजींनी ते फाटकातून पाहिलं आणि आत येऊन साबणानं हात धुतले. दोनदा.

सोमवारी सकाळी अकरा वाजता विमलताईंनी हाक मारली. विमलताई म्हणजे हॉलची झाडझूड करणाऱ्या बाई. चार वर्षं तिथंच आहेत.

"साहेब, इकडं या जी जरा."

चौथी रांग. मधली खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर...

चेहरा होता.

काढलेला नव्हता, उमटलेला होता. कुणीतरी खुर्चीत गुडघे टेकून, पाठीच्या कापडात तोंड खुपसून, इकडून तिकडे पुसलं असावं तसा. पांढरा रंग ओघळलेला. लाल ओठ एका बाजूला फराटलेले. डोळ्यांच्या जागी कापड तसंच कोरं होतं.

भाऊजींनी रुमाल गुंडाळून बोट लावलं.

ओलं होतं. आणि... कोमट होतं.

"दंडारवाल्या पोट्ट्यायचे चाये हायेत हे," ते म्हणाले.

"ते तं काल पाच वाजताच गेले, साहेब. मंग डान्सची पोरं गेल्यावर मी सारा हॉल झाडला. नोयतं हे."

भाऊजींनी स्वतः फिनाईल घेतलं, ब्रश घेतला. डाग निघाला. पण ब्रशच्या केसांत जो लगदा अडकला, त्याला तोच वास होता. अंथरुणाचा. त्यांनी ब्रशही फेकून दिला.

मंगळवारी पडद्यावर एक चेहरा. बुधवारी आठव्या रांगेत दोन.

गुरुवारी दुपारी भाऊजी तिकीट खिडकीत बसले होते. हॉलमध्ये दुसरं कुणी नाही. पंखा बंद. आणि मागच्या मेकअपच्या खोलीतून आवाज यायला लागला...

फस्स... फस्स... फस्स...

कातडीवर कापड घासल्याचा. जोरात. घाईघाईनं.

"कोन हाय?"

आवाज थांबला.

भाऊजी गेले. दार बाहेरून कडी लावलेलं होतं. उघडलं. आत कुणी नाही. आरसा, बाक, खुंटी. खुंटीवरचे चारही नॅपकिन जसेच्या तसे, घडी न मोडलेले. टेबलावर पाकिटातले नॅपकिन, पाकीट अजून चिकटवलेलं.

त्यांनी पाकीट फोडलं. वरच्या नॅपकिनची घडी उलगडली.

आत...

चेहरा. ओला. ओठांचा लाल रंग घडीच्या दोन्ही बाजूंना लागलेला. पाकीट मात्र शंभर टक्के बंद होतं, हे भाऊजींनी मला तीनदा सांगितलं.

त्यांनी दुसरा उलगडला. तिसरा. सगळ्यांत तेच.

ते तिथंच बेसिनमध्ये ओकले.

विमलताई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "साहेब, मी तुमाले खरं सांगतो. कोनीतरी इथं तोंड पुसून राह्यलं. अन् पुसल्या जाऊन नाई राह्यलं."

दुसरा रविवार भजनी मंडळाचा. दोनशे पासष्ट तिकिटं गेली. सत्तेचाळीस खुर्च्या हिरव्या राहिल्या. प्रयोगाआधी भाऊजींनी आणि विमलताईंनी हॉलची खुर्ची न् खुर्ची पाहिली होती. सगळं साफ.

शेवटचा अभंग झाला. दिवे लागले. आणि एक बाई किंचाळली.

तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चेहरा होता. तिच्या साडीच्या खांद्यालाही लागला होता. पलीकडं आणखी एक. मागे तीन. लोक उठून बघायला लागले, नाकं दाबायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तिथंच थुंकले. कुणीतरी फोटो काढले. 'हीच का आपल्या नाट्यगृहाची स्वच्छता' असं लिहून ते फोटो संध्याकाळपर्यंत दिग्रसच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होते.

भाऊजी मात्र मोबाईलवरच्या नकाशाकडं बघत उभे होते. जिथं हिरवी खुर्ची, तिथं चेहरा. एकही हिरवी सुटलेली नव्हती. विकलेल्या एकाही खुर्चीला डाग नव्हता.

जिथं माणूस नव्हतं, तिथं ते बसलं होतं. प्रत्येक ठिकाणी.

सभापतींचा फोन आला. "पुढच्या रविवारी अख्खी समिती येते. हेच दिसलं, तर सोमवारी किल्ल्या आणून देजा."

त्या शुक्रवारी डोमाजींचा फोन आला. पुढचा रविवार पुन्हा दंडारीचाच होता.

"साहेब, आमी येतो बरोबर. पन उकंडाजी गेले."

 कधी गेले, कशानं गेले, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. जीपमध्ये बसलेलं ते पांढरं तोंड.

रंगल्या तोंडानं गेला म्हातारा. आपल्यामुळं. आणि आता पुसायला फडकं शोधतोय.

भूतबित न मानणारे माझे भाऊजी, त्या रात्री त्यांना स्वतःची किळस आली, असं त्यांनी सांगितलं. फडक्याची नाही. स्वतःची. "खोटं बोलायची काय गरज होती गं मला?" हे त्यांनी मला विचारलं. 

शनिवारी दुपारी ते कचरा डेपोवर गेले.

तुम्ही गावाबाहेरचा कचरा डेपो पाहिला असेल. लांबून पाहिला असेल. भाऊजी त्यात गुडघ्यापर्यंत उतरले. घंटागाडीच्या बाबारावनं दोन आठवड्यांपूर्वीचा ढीग दाखवला आणि तो स्वतः नाक दाबून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ऊन तापलेलं. कुजलेल्या भाज्या, कोंबड्यांची आतडी, लहान मुलांचे डायपर. डुकरं बाजूलाच तोंड घालत होती. पिशव्या फोडल्या की आतून काळं पाणी अंगावर यायचं. अळ्या हातमोज्यांत शिरल्या, तेव्हा त्यांनी मोजे काढून टाकले आणि उघड्या हातांनी उकरायला लागले. नळ कोपरानं उघडणारा माणूस. दीड तास उकरत होता.

आणि मग ती काळी पिशवी सापडली. त्यांनीच मारलेली गाठ. तशीच घट्ट.

त्यांनी ती दातांनी सोडवली.

आत फडकं होतं. कडेला हिरवं ठिगळ.

पण...

फडकं स्वच्छ होतं.

पांढरं शुभ्र. परटाकडून आल्यासारखं. रंग नाही, तेल नाही, केस नाही. वास नाही. भोवती सगळा नरक आणि मधे ते एवढंसं पांढरं कापड.

भाऊजी म्हणाले, त्या क्षणी मला घाबरायला हवं होतं. पण मला इतकं बरं वाटलं. दीड तासानंतर काहीतरी स्वच्छ दिसलं होतं. माझ्या तोंडावरून घाम आणि ते काळं पाणी ओघळत होतं, ओठांपर्यंत आलं होतं. मी विचारच केला नाही.

त्यांनी त्या फडक्यानं तोंड पुसलं.

अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत. मऊ होतं, म्हणाले.

तिसरा रविवार. फडकं खुंटीवर. उकंडाजींच्या आठवणीत दंडार, म्हणून अख्खा परिसर लोटला. तीनशे बाराच्या तीनशे बारा खुर्च्या लाल. समितीची माणसं पहिल्या रांगेत. डोमाजींची ढोलकी अशी वाजली की सभापतींचा पाय ठेका धरायला लागला. राणीचं सोंग त्या दिवशी कुणी घेतलं नाही. तिची जागा मोकळी ठेवून बाकीचे तिच्याभोवती नाचले.

दिवे लागले. भाऊजींनी श्वास रोखून रांगा पाहिल्या.

एकही डाग नाही.

सभापतींनी पाठ थोपटली. हॉल नाट्यगृहच राहणार, रविवारची दुपार कलावंतांचीच राहणार, तिथंच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमलताईंनी डोळ्यांना पदर लावला.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती.

मंडळी आत रंग उतरवायला जाणार, त्याआधी एक म्हातारी बाई भाऊजींना शोधत मेकअपच्या खोलीत आली. उकंडाजींची बायको, रुखमाबाई.

भाऊजी तिच्या पायाशी वाकले. "माय, माफ करा. फडकं मीच फेकलं होतं. मी खोटं बोललो."

"आमाले माहीत होतं ना, साहेब," रुखमाबाई म्हणाल्या. "ह्ये त्या दिसी घरी आले तं हसूनच राह्यले होते. मी म्हनलं, तोंड काहून नाई पुसलं? तं म्हने, साहेबानं फडकं फेकलं. किळस आली असन बिचाऱ्याले. चांगला मानूस हाय, म्हने, आपल्याले रविवार देल्ला त्यानं."

भाऊजी हात जोडून तिथंच खाली बसले.

"मंग मीच चुलीपाशी बसवलं त्याइले. खोबऱ्याच्या तेलानं सारं तोंड पुसून देल्लं, माह्या पदरानं. एक टिपका ठेवला नाई. ह्या बुधवारी गेले ते. निजल्या निजल्या. साफ तोंडानं गेले."

साफ तोंडानं.

बुधवारी.

खुर्चीवरचा पहिला चेहरा सोमवारचा होता. दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या सोमवारी उकंडाजी जिवंत होते. चुलीपाशी बसून भाकर खात होते.

"मंग..." भाऊजी म्हणाले. "मंग इथं तोंड कोन पुसून राह्यलं होतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. खुर्च्या, पडदा, नॅपकिन. रुखमाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या खुंटीपाशी गेल्या. फडकं काढलं, उलगडलं, उजेडाकडं धरलं. 

"सोंग उतरवलं का ते कोठीतरी ठेवा लागते, साहेब. घरी नेता येत नाई. त्याच्यासाठी होतं हे." त्यांनी फडकं उलटंसुलटं केलं. "इतल्या वर्साचं होतं याच्यात. आता तं काईच नाई."

"पन ते तं पुसत होतं..."

"पुसत नसन, साहेब. तोंड पाह्यत असन कोठी भेटते का."

बाहेर डोमाजी पोरांना हाका मारत होते. रुखमाबाईंनी फडकं दोन बोटांत धरलं होतं. आता त्या भाऊजींकडं वळल्या. एक पाऊल मागे सरकल्या.

"याले कोनी तोंड लावलं का?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

मी त्यांना विचारलं, भाऊजी, तेव्हा तरी खरं का नाही सांगितलं? ते म्हणाले, "मी सांगणारच होतो. पण 'नाही' आधीच तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं नव्हतं ते."

रुखमाबाईंनी फडकं तिथंच बाकावर ठेवलं आणि मागे न बघता निघून गेल्या. त्या दिवशी मंडळीतल्या कुणीच तिथं रंग उतरवला नाही. तशाच रंगल्या तोंडांनी जीपमध्ये बसली सगळी.

त्यानंतर हॉलमध्ये एकही डाग पडलेला नाही. रविवारच्या दुपारी हाऊसफुल्ल असतात. गावात भाऊजींचं नाव झालंय.

हे सगळं सांगून ते उठले, तेव्हा चहावर साय धरली होती. जाताना माझ्या बेसिनपाशी त्यांनी हात धुतले, नेहमीसारखे, कोपरापर्यंत. आरशात मात्र वर पाहिलं नाही.

जानेवारीत दीपाताईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू? हसू नको. हे हल्ली तोंड धूत नाहीत."

"म्हणजे?"

"आंघोळ करतात. दोनदोनदा करतात. पण गळ्यापर्यंत. तोंडाला पाणी लावू देत नाहीत. दीड महिना झाला. मी ओला टॉवेल घेऊन गेले तर माझा हात असा पकडला..." तिनं आवाज खाली आणला. "आणि सगळे म्हणतात, काय तेज आलंय यांच्या चेहऱ्यावर. रोज कुणीतरी म्हणतं."

मला फोनवरच मळमळलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, ज्या माणसानं माझ्या लग्नात जेवणाची भांडी स्वतः घासली होती, त्याच्याबद्दल मला मळमळलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. यवतमाळच्या स्टँडवर, लांबून. गोरे दिसत होते. छान दिसत होते. कुणाशी तरी बोलताना त्यांनी मान वळवली...

सावकाश. डौलात. बाई वळवते तशी.

मी खांबाआड झाले.

यामागं काय आहे, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर लिहा. भाऊजींना दवाखान्यात न्यावं, असं माझं डोकं अजून सांगतं. ते स्वतः असते तर हेच म्हणाले असते.

दीपाताई दर रविवारी सकाळी फोन करते. "दुपारच्या कार्यक्रमाला येतेस का? ह्यांनी तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय." मी कधी ताप आहे म्हणते, कधी पाहुणे आलेत म्हणते. बहीण त्या घरात एकटी आहे, हे मला कळतं. तरी 'नाही' म्हणायला मला आता एक क्षणही लागत नाही, आणि त्या सगळ्या चेहऱ्यांपेक्षा मला याचीच जास्त शिसारी येते.